१८० रुपयांची लाल वही: आठ महिने रोज वापरून लिहितेय

आधीच सांगून टाकते, हा रिव्ह्यू कुठल्या ॲपचा नाहीये, वहीचा आहे. लाल कापडी पाठीची, लांबट, उभी, दोऱ्यानं शिवलेली, पूर्वी पेढीवर असायची ना तसली. लक्ष्मीपूजनाला व्यापारी लोक हिला हळदकुंकू वाहतात, पहिल्या पानावर श्री काढतात. मी तिच्यात जिराचे तिकीट नंबर लिहिते (जिरा म्हणजे ऑफिसच्या कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर, तिकीट म्हणजे त्यातलं एकेक काम), आणि घरची कर्जं. किंमत १८० रुपये, पानं २०० (दोन्ही बाजू धरून ४००), गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी घेतली आणि आता जूनचा पाऊस सुरू झालाय, म्हणजे दोन दिवस वापरून पाच स्टार देऊन मोकळी झाले असं नाही, चांगली घासूनपुसून वापरलीय.

मी मूळची गडहिंग्लजची, लग्न होऊन बेळगावात आले, वडगावला राहतो आम्ही. नवऱ्याचं उद्यमबागला छोटं मशीन शॉप, आणि मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून काम करते, प्रॉडक्शन सपोर्ट. म्हणजे साध्या भाषेत, दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर रात्री अडीचला बंद पडलं की उठून बघायचं कुणी, तर मी. सकाळी साडेनऊला स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, असतो आणि आमच्या गल्लीत पाणी सोडतात तेही नेमकं त्याच सुमाराला, तेही रोज नाही. त्यामुळे मी म्यूटवर, एक कान हेडफोनमध्ये आणि दुसरा नळाकडे, असं किती वेळा झालंय ते मोजायचं सोडून दिलं. उन्हाळ्यात बेळगावचा माणूस पेपरात पहिल्यांदा राकसकोप धरणाची पातळी बघतो, मी ऑफिसचा डॅशबोर्ड आणि राकसकोप दोन्ही बघते.

कर्जाचं म्हणाल तर गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात आमचा स्लॅब गळायला लागला. इथला पाऊस काय असतो ते बेळगावकरांना सांगायला नको, हॉलमध्ये तीन पातेली आणि एक घमेलं मांडून झोपायचो. तेव्हा ३ लाखांचं पर्सनल लोन काढलं, १४ टक्क्यांनी, ४ वर्षांचं, हप्ता ८,१९८. ते निदान दिसत तरी होतं. न दिसणारं होतं ते क्रेडिट कार्ड. वॉशिंग मशीन, मुलाची फी, रात्रपाळीनंतरचं बाहेरचं जेवण, पुण्याला जाताना टीमसाठी न्यायचा कुंदा, असं थोडं थोडं करत करत ८४ हजार झाले होते आणि मी दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे भरावीच लागते तेवढी कमीत कमी रक्कम, भरून आपण वेळेवर भरतोय असं स्वतःला सांगत होते. नवऱ्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

ॲप वापरली नाहीत असं नाही, उलट जास्तच वापरली. खर्चाचं एक, कामांच्या यादीचं एक, बँकेची दोन, शिवाय गुगल शीट, तिच्यात रंगीत चार्ट वगैरे, ऑफिसमध्ये दाखवावा असा. अडचण अशी की खर्चाच्या ॲपला कळायचं ३८० रुपये गेले आणि ते 'फूड' ह्या खान्यात टाकायचं. का गेले ते त्याला कुठून कळणार. आणि सगळं माझ्या फोनमध्ये, माझ्या बोटाच्या ठशाच्या मागे. नको असेल ते वर सरकवलं की गेलं.

वही घेतली ती खरं तर अपघातानं. दिवाळीच्या खरेदीला खडेबाजारात गेलो होतो, तिथून आत गल्लीत एक जुनं स्टेशनरीचं दुकान आहे, मुलाला चित्रकलेचे कागद पाहिजे होते. काउंटरवर लाल वह्यांची थप्पी होती. मी एक उचलली तर मालक चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय करणार हो वैनी हिचं? दुकान घातलायसा काय?" म्हटलं नाही, घरच्या हिशोबाला. तर ते म्हणाले, "मग धाकटी न्या, ही थोरली एका वर्षात भरणार नाही." मी तरी थोरलीच घेतली. त्यांनी स्वतः पहिलं पान उघडून दाखवलं, डावीकडं जमा, उजवीकडं नावे, आणि नवीन पान काढताना मागची शिल्लक वर लिहायला विसरू नका म्हणाले, सगळी चूक तिथंच होते. एवढं ऑनबोर्डिंग मला एकाही ॲपनं दिलं नव्हतं.

आता वापराचं. माझी पद्धत अशी झाली, ठरवून नाही, होत होत झाली. रोजचं एक पान. डावीकडं आलेले पैसे, उजवीकडं गेलेले, आणि खाली उरलेल्या जागेत दिवसात काय काय झालं ते, ऑफिसचं आणि घरचं एकत्रच. म्हणजे एकाच पानावर 'पेमेंट सर्व्हिस डाउन, रात्री २.१० ते ४.३०', त्याच्या खाली 'सिलिंडर बुक केला', त्याच्या खाली 'पाणी आलं नाही', असं. आणि वही उलटी करून मागच्या बाजूनं कर्जाची खाती, प्रत्येक कर्जाला वेगळं पान. पर्सनल लोनचं पान लिहिताना बँकेनं दिलेला तक्ता हातानं उतरवला. पहिल्या हप्त्यातले ३,५०० व्याजाचे आणि फक्त ४,६९८ मुद्दलाचे, हे पीडीएफमध्ये वर्षभर पडून होतं पण हातानं आकडा लिहिताना जे होतं ना ते वेगळंच. ४८ हप्ते मिळून ३ लाख ९३ हजार ५०४. म्हणजे ३ लाखांच्या स्लॅबवर साडेत्र्याण्णव हजारांचा आणखी एक अदृश्य थर.

कार्डाचं पान लिहायला घेतलं तेव्हा पेन थांबलं. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. ८४ हजारांवर महिन्याचं व्याज २,९४०, त्यावर १८ टक्के जीएसटी ५२९, झाले ३,४६९. आणि मी मिनिमम भरत होते ५ टक्के, ४,२००. म्हणजे ४,२०० भरून कर्ज कमी व्हायचं ७३१ रुपयांनी! आणि त्याच कार्डावर महिन्यात भाजी, दूध, पेट्रोल करून त्याच्या कितीतरी पट परत चढवायचे. वर आणखी एक, जे मला खरंच माहीत नव्हतं आणि मी दहा वर्षं आयटीत आहे हो. मागची बाकी पूर्ण भरली नाही की नवीन खरेदीला ते बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, घेतल्या दिवसापासून मीटर चालू. म्हणजे मी बेचाळीस टक्के व्याजानं कोथिंबीर खात होते.

ह्याच्या समोरच्याच पानावर पिग्मी. बाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल, आमच्याकडं क्रेडिट सोसायटीचा माणूस रोज दारात येऊन पैसे घेऊन जातो, त्याला पिग्मी म्हणतात, कर्नाटकात हे फार जुनं आहे, सिंडिकेट बँकेनं १९२८ साली सुरू केलेलं. मी रोजचे १०० भरत होते, १४ महिने, ४२ हजार जमले होते आणि मोठा अभिमान होता त्याचा. सोसायटीचा दर ४ टक्के. दोन पानं समोरासमोर आली, एकावर ४२ हजार चार टक्क्यांनी ठेवलेले, दुसऱ्यावर ८४ हजार बेचाळीस टक्क्यांनी घेतलेले. वेगवेगळ्या ॲपमध्ये ही दोन कधी एकमेकांना भेटलीच नव्हती. पिग्मी मुदतीआधी मोडली, थोडं व्याज कापलं, पिग्मीवाले काका नाराज झाले, "आणि चार महिने थांबला असता तर" म्हणाले, पण चार महिन्यांत कार्डानं काय खाल्लं असतं ते माझ्या समोर लिहिलेलं होतं. काकांचं वाईट वाटलं, त्यांचं कमिशन त्याच्यावर असतं. पुढं डिसेंबरपासून महिना आठ हजार, शेवटचा हप्ता तीनेकशे जास्त, मे मध्ये कार्ड संपलं. कार्ड बंद करायचा अर्जही केला. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानं बाकी शून्य असेल तर अर्जानंतर कामाच्या ७ दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० दंड, म्हणून तारीख वहीत लाल पेनानं लिहून ठेवली होती. पाचव्या दिवशी झालं, दंड काही मिळाला नाही, थोडी निराशाच.

ह्या वहीत मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट मात्र व्याजाची नाही. जानेवारीत एका रविवारी मागची पानं चाळत होते, तर दिसलं की ज्या रात्री खाली 'ऑन कॉल' लिहिलंय त्याच्या दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूला बाहेरचं जेवण आहेच आहे. रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडते त्या, एका आठवड्यात चार वेळा. मी स्वतःला आळशी, उधळी, काय काय म्हणत होते, आणि खरं कारण असं होतं की पहाटे साडेचारला झोपलेली बाई सकाळी पोळ्या लाटू शकत नाही. हा खर्च माझ्या जिभेचा नव्हता, ऑफिसचा होता. मग त्याच पानांवरून रात्री मोजल्या तर कंपनी रात्रीच्या कॉलला जो भत्ता देते त्यातल्या सहा रात्री मी क्लेमच केल्या नव्हत्या. हजार रुपये रात्रीचे, सहा हजार, सकाळच्या धावपळीत फॉर्म भरायचा राहून गेलेला. मॅनेजरला वहीच्या पानाचे फोटो पाठवले, तो आधी हसला, पण पैसे आले. १८० रुपयांत सहा हजार, एवढा परतावा तर पिग्मीतही नाही. आता रिलीजच्या आठवड्यात आदल्या दिवशीच पिठलं-भाकरीचं पीठ, चिरलेली भाजी वगैरे तयारी आम्ही दोघं करून ठेवतो, हो, नवरासुद्धा, ते कसं ते पुढं सांगते.

विजेचं पण थोडं. गृहज्योती ह्या कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेमुळं आमचं बिल शून्य यायचं, पण मी दिवसभर घरी, दोन मॉनिटर, पंखा, इन्व्हर्टर चार्जिंग, त्यात मे महिन्यात कूलर. घरटी ठरवून दिलेल्या युनिटच्या वर गेलं की फरक भरायचा आणि २०० च्या वर गेलं तर सगळंच बिल भरायचं, असा हिशोब आहे. आता दर रविवारी मीटरचं रीडिंग वहीत लिहिते. एप्रिलमध्ये १८८ ला थांबवलं, इस्त्री चार दिवस बंद ठेवून. नवऱ्यानं चुरगळलेले शर्ट घातले, उद्यमबागेत कोण बघतंय.

आता तोटे, नाहीतर दुकानदारानं पैसे दिलेत म्हणाल.

सर्च नाही. गॅस कधी आला होता ते शोधायला पंधरा मिनिटं. बॅकअप नाही, महिन्यातून एकदा फोटो काढून ठेवते, तेवढंच. कागद बरा आहे पण पावसाळ्यात दमट होतो आणि जेल पेनची शाई पसरते, ह्या आठवड्यात ८ चा ३ झाला एका ठिकाणी, बॉलपेनच वापरा. शिवण भक्कम आहे, पाठीचं कापड मात्र कोपऱ्यात सुटायला लागलंय. टेबलावर लांबट वही उघडली की कीबोर्डला जागा उरत नाही. आणि मुलानं नोव्हेंबरच्या ११ तारखेच्या पानावर जेसीबी काढलाय, त्या दिवशीचा भाजीचा खर्च त्या जेसीबीच्या बकेटखाली आहे, कायमचा.

मल्टी युजर सपोर्टचं तर विचारूच नका. सासूबाई बैलहोंगलकडच्या, शाळा कानडीतून झालेली, बोलतात मराठी आणि लिहितात कानडी. दूध त्याच घेतात म्हणून दुधाचा रकाना त्यांना दिला. महिनाअखेर मी बेरीज केली तर दूधवाल्याचं बिल आणि वही जुळेचना. कारण काय तर कानडीतला एक हा अंक मला शून्य वाटत होता, खालून थोडा उघडा असतो बस. रोज एक लिटर दूध आलं होतं आणि मी आठवडाभर शून्य शून्य वाचत बसले होते, वर दूधवाल्याला फोन करून बोलले सुद्धा. माफी मागितली नंतर. आता मी वायव्य परिवहनच्या बसच्या पाटीवरचे कानडी अंक वाचून सराव करते. आणि दुसरी गंमत, मी कॉलवर सारखं "जिरा अपडेट करा, जिरात टाका" म्हणत असते ते सासूबाई ऐकत होत्या. एक दिवस वहीत सामानाच्या यादीत 'जिरं पाव किलो' असं तीन वेळा. "रोज बोंबलूलीस की ग जिरं जिरं म्हणून, म्हणून लिहिलं," म्हणाल्या. पाऊण किलो जिरं आहे अजून घरात.

पासवर्ड नाही. हा सगळ्यात मोठा तोटा म्हणून मी पहिल्या महिन्यात लिहिला असता. वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर असायची, मागची पानं कुणी बघणार नाही असं धरून चालले होते. नोव्हेंबरात नवरा सिलिंडरची तारीख बघायला म्हणून वही उघडायला गेला, उलटी उघडली. कार्डाचं पान. मी कॉलवर होते, समोर चौदा लोक, आणि दारातून मला तो दिसत होता, उभ्या उभ्या वाचणारा. कॉल संपायला पंचवीस मिनिटं लागली. त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही.

बाहेर आले तर म्हणाला, "हे खरं काय?" म्हटलं होय. एवढंच. जेवला, कामावर गेला. वाटलं आता रात्री काय ते होणार. रात्रीही काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडली तर मागून चौथ्या पानावर त्याचं अक्षर, तिरकं, वर्कशॉपच्या मार्करनं: मित्राकडून हातउसने ३५,०००, स्पिंडलच्या दुरुस्तीला, तारीख दीड वर्षापूर्वीची. खाली 'व्याज नाही, पण द्यायचे आहेत'. मला त्याचा पत्ताच नव्हता. मी चहा ठेवला आणि त्या पानाला नंबर घातला, खाते क्रमांक ४. ह्यावर आम्ही नीट बोललो ते त्यानंतर चार-पाच दिवसांनी, आणि भांडलो पण भरपूर, वॉशिंग मशीनवरून जास्त. नो कॉस्ट, म्हणजे बिनव्याजी हप्त्यांवर, म्हणून घेतलेलं ते मशीन, व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी धरून नो कॉस्ट नव्हतंच, हे त्यानंच बिल काढून दाखवलं मला. तेव्हापासून पाण्याच्या दिवशी स्टँडअपच्या वेळेला टाकी तो भरतो आणि वर्कशॉपला अर्धा तास उशिरा जातो. त्याच्या खात्यातले ३५ पैकी १५ हजार फिटलेत.

तर पासवर्ड नाही ह्यासाठी मी एक स्टार कापणार होते, नाही कापत. पाचपैकी चार, तो एक कापडाच्या कोपऱ्यासाठी आणि कानडी एकासाठी.

घ्यायची असेल तर दोन गोष्टी. थोरली नको, मालक बरोबर म्हणत होते, धाकटी घ्या, आठ महिन्यांत माझी दोन्ही बाजूंनी मिळून अजून मधे बोटभर जाडी शिल्लक आहे आणि पुढच्या दिवाळीला नवीन घ्यायला सासूबाई देणार नाहीत, ही संपव आधी म्हणणार. आणि सुट्टे पैसे न्या. दुकानात स्कॅनर लावलाय पण पैसे आल्याचा मेसेज मालकांच्या मुलाच्या फोनवर येतो, मुलगा गोडाउनला असतो, मग मालक त्याला फोन करून विचारतात, तो उचलत नाही, आणि तोवर तुम्ही तिथंच उभे. मी २०० ची नोट दिली तर २० रुपये परत द्यायला सुट्टे नव्हते, दोन बॉलपेन दिली. त्यातलं एक अजून चालतंय.